ब्रेकचा लाल दिवा: जुन्या एमजीबीच्या वायरिंगमधला दोष क्रमाने शोधताना

एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांकडून ब्रेकच्या दिव्याबद्दल दोनच तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. दिवा विझतच नाही, नाहीतर कधी पेटलेलाच बघितला नाही. पहिल्या तक्रारीवर बहुतेक जण एकच इलाज करतात: बोनेट उघडायचं, स्विचवरची वायर उपटायची, दिवा विझला की गाडी बाहेर काढायची. दुसरीवर तर कुणी काहीच करत नाही, कारण न पेटणारा दिवा कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही. खरा धोका या दुसऱ्या तक्रारीतच आहे.

हा लेख १९६८ ते १९७४ च्या अमेरिकन बाजारासाठीच्या एमजीबीला धरून लिहिला आहे. तिचे पुढचे आणि मागचे ब्रेक दोन स्वतंत्र सर्किटांवर चालतात आणि दाबातला फरक ओळखणारा व्हॉल्व्ह वेगळा बसवलेला असतो. त्याचं पूर्ण नाव प्रेशर डिफरन्शियल वॉर्निंग अ‍ॅक्च्युएटर, पण इथे मी त्याला शटल व्हॉल्व्ह म्हणेन. ब्रिटनमध्ये विकलेल्या गाड्यांना दुहेरी सर्किट बऱ्याच उशिरा मिळालं. तुमच्या गाडीचं सर्किट एकेरी असेल तर हा दिवाच नसेल. त्या काळच्या ट्रायम्फ या दुसऱ्या ब्रिटिश गाडीतही शटल व्हॉल्व्ह असतो. तिथे तपासाचा क्रम हाच ठेवा, वायरिंग मात्र तिच्या डायग्रॅमप्रमाणे बघा.

## आधी सर्किट डोक्यात बसवा

इग्निशनकडून वीज येते, बल्बमधून जाते, तिथून वायर इंजिनबेमध्ये उतरते आणि शटल व्हॉल्व्हवरच्या छोट्या स्विचला पोचते. व्हॉल्व्हच्या पोटात एक दट्ट्या आहे. त्याच्या एका अंगाला पुढच्या ब्रेकचा दाब, दुसऱ्या अंगाला मागच्या. दोन्ही दाब सारखे असले की तो मधोमध राहतो. एका बाजूचं ऑइल गळायला लागलं की दट्ट्या त्या कमी दाबाच्या बाजूला सरकतो, स्विचची पिन वर ढकलतो आणि वायरला अर्थ, म्हणजे गाडीच्या धातूशी जोड, मिळतो. मग दिवा पेटतो.

आता यातली ग्यानबाची मेख बघा. वायर सोलवटून बॉडीला टेकली तर दिवा उगाच पेटतो. तुम्ही वैतागता, पण निदान शोध तरी घेता. वायर तुटली, कनेक्टर सुटला किंवा बल्ब उडाला, तर दिवा गप्प बसतो, आणि ती शांतता सगळं ठीक असल्याच्या शांततेसारखीच दिसते. म्हणून पुढचे टप्पे दोन गोष्टींसाठी आहेत: उगाच पेटणारा दिवा विझवायचा, आणि पेटायला हवा तेव्हा तो पेटेल याची खात्री करायची. पहिली झाली की लोक थांबतात. थांबू नका.

## टप्पा १: तयारी

डिजिटल मल्टिमीटर, मगरी चिमटे लावलेली दोन-तीन मीटरची एक वायर, मास्किंग टेप, पेन, बारीक काचपेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर आणि चांगला टॉर्च एवढं जवळ ठेवा. चिमट्यांच्या वायरीत १ किंवा २ अँपिअरचा फ्यूज जरूर बसवा. चुकून ती फीडच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, वायरला टेकली तर हा छोटा फ्यूज उडेल, तुमचं पन्नास वर्षांचं वायरिंग जळणार नाही.

वायरिंग डायग्रॅम तुमच्या वर्षाचा आणि तुमच्या बाजाराचा हवा. नुसतं 'एमजीबीचा डायग्रॅम' म्हणून मिळालेला कागद घेऊन बसलात तर अर्धा दिवस वाया जातो, कारण दर एक-दोन वर्षांनी काही ना काही बदललेलं आहे. रंगांची भाषा मात्र तीच. पांढरी वायर इग्निशनवरची, फ्यूजशिवायची. हिरवी इग्निशनवरची, फ्यूजमधून आलेली. काळी म्हणजे अर्थ. काळ्यावर पांढरी रेघ असलेली वायर ब्रेकच्या दिव्याकडून त्याच्या स्विचकडे जाणारी. जुन्या वायरीचा रंग मळून ओळखू येत नसेल तर कनेक्टरच्या रबरी नळीत दडलेला तुकडा बघा, तिथे रंग शाबूत असतो.

गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकांना पुढून-मागून अडण लावा. बॅटरी सीटच्या मागे, फरशीच्या झाकणाखाली आहे. या वर्षांच्या बहुतेक गाड्यांत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. त्यांची टोकं घट्ट आणि स्वच्छ आहेत ना बघा, मग दोन्ही मिळून व्होल्टेज मोजा. गाडी बंद असताना १२.४ च्या वर हवं. बॅटरीच मरगळलेली असेल तर पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

सावधान: वायर कापताना, डाग देताना किंवा डॅशमागे हात घालताना आधी बॅटरीची अर्थची बाजू काढा. पुढच्या काही तपासण्यांना मात्र वीज लागते, त्यामुळे बॅटरी कधी जोडलेली आणि कधी सोडवलेली याचं भान ठेवा.

सावधान: वायर काढण्याआधी फोटो घ्या आणि टेपवर नाव लिहून चिकटवा. एकच तर वायर आहे, लक्षात राहील असं वाटतं. राहत नाही.

## टप्पा २: आधी ब्रेक, मग वायर

दिवा पेटलेला असेल तर तो खरं बोलतोय असंच धरून चाला. मास्टर सिलिंडरच्या टाकीतल्या दोन्ही कप्प्यांतलं ऑइल बघा. एकाच कप्प्यात कमी असेल तर त्याच सर्किटमध्ये गळती आहे. पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर वायरिंगला हात लावू नका, आधी ब्रेक दुरुस्त करा.

मग चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. मागे ड्रम आहेत, आणि तिथल्या व्हील सिलिंडरची गळती बाहेरून पटकन दिसत नाही. टायरच्या आतल्या भिंतीवर ओलसर, काळपट ओघळ दिसतो. बोट लावलं तर तो पाण्यासारखा वाळत नाही, चिकट लागतो.

हे मी शिकलो ते माझ्याच १९७२ च्या गाडीवर. घेतली तेव्हा दिवा कधीच पेटत नव्हता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. एका रविवारी वायरिंगवरून हात फिरवताना टेपचा एक फुगवटा लागला. टेप सोडवली, तर आत ती काळी-पांढरी वायर मागे दुमडून गुंडाळलेली, टोकाचं तांबं अजून चकचकीत. म्हणजे ती तुटली नव्हती, कुणीतरी मुद्दाम काढून लपवली होती. मी ती जोडली, चावी फिरवली आणि दिवा लगेच पेटला. मागच्या उजव्या चाकाचा सिलिंडर पाझरत होता आणि ब्रेकच्या पट्ट्या ऑइलने भिजलेल्या होत्या. तोवर त्या गाडीतून मी लेकीला घेऊन हायवेवर फिरत होतो.

तपासा: टाकी भरलेली, पेडल टणक, चारही चाकं कोरडी. तिन्ही असेल तरच पुढे जा.

## टप्पा ३: लक्षण नेमकं लिहून घ्या

चावी 'ऑन' करा, इंजिन चालू करू नका, आणि वहीत उत्तरं लिहा. दिवा लगेच लागतो का? पूर्ण तेजाने की मंद? हँडब्रेक ओढल्या-सोडल्याने काही फरक पडतो का? नंतरच्या काही गाड्यांत हँडब्रेकचा स्विचही याच दिव्यावर आहे. तुमच्या डायग्रॅमवर तो दिसत असेल तर आधी त्याची वायर काढून बघा, निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो. पेडल जोरात दाबल्यावरच दिवा लागतो आणि मग लागलेलाच राहतो का? तसं असेल तर वायरिंग बहुधा बरोबर आहे, दट्ट्या सरकला आहे. गाडी हादरल्यावर दिवा लुकलुकतो का? मग लूज कनेक्शन किंवा सोलवटलेली वायर.

## टप्पा ४: फीड आणि बल्ब

डॅशवर दिवा आणि टेस्टचं बटण एकत्रच आहेत. चावी ऑन करून बटण दाबा. दिवा लागला तर फीड आणि बल्ब दोन्ही ठीक.

लागला नाही तर आधी दिव्याला येणारी वायर हिरवी आहे की पांढरी ते बघा. हिरवी असेल तर त्याच फ्यूजवरच्या बाकीच्या गोष्टी तपासा: ब्रेकलाइट, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा. सगळंच मेलं असेल तर फ्यूजकडे जा. फ्यूज उडालेला नसला तरी फ्यूजबॉक्सच्या चिमट्यांवर कीट धरतं, ते काचपेपरने घासून काढा.

सावधान: जुन्या लुकास फ्यूजवर लिहिलेले ३५ अँपिअर हा तो वितळण्याचा आकडा आहे. सतत तो १७ अँपिअरच सोसतो. दुकानातून आजच्या पद्धतीचा ३५ अँपिअरचा फ्यूज आणून घातलात तर आधी वायर जळेल, फ्यूज नंतर.

बाकी सगळं चालू असेल तर बल्ब काढा आणि मीटरने तपासा. नुसत्या डोळ्यांनी बघून 'तार शाबूत आहे' म्हणू नका. होल्डरमधला पितळी स्पर्श घासून स्वच्छ करा. बल्ब बदलायचा झाला तर साधा फिलामेंटचाच घाला. एलईडी या जागी नको. ओलसर कनेक्टरमधून झिरपणाऱ्या जराशा विजेवरही तो मिणमिणतो, आणि उलटा बसला तर लागतच नाही. धोक्याच्या दिव्यात असला संशय परवडत नाही.

## टप्पा ५: सर्किट मधोमध तोडा

शटल व्हॉल्व्ह इंजिनबेमध्ये आहे. मास्टर सिलिंडरकडून येणाऱ्या ब्रेकच्या नळ्या धरून गेलात की सापडतो. त्याच्या मधोमध प्लास्टिकचा छोटा स्विच उभा असतो. त्यावरचा कनेक्टर सरळ वर ओढून काढा, वायरीला धरून हिसका देऊ नका. जुनं नायलॉन बिस्किटासारखं तुटतं.

दिवा सतत लागलेला असेल तर: कनेक्टर काढल्यावर तो विझला का? विझला तर वायर निर्दोष, दोष स्विचमध्ये किंवा सरकलेल्या दट्ट्यात. तरीही लागलेलाच असेल तर व्हॉल्व्हचा काही संबंध नाही. वाटेत कुठेतरी वायर बॉडीला टेकली आहे, किंवा डॅशवरचं टेस्टचं बटण आत अडकून राहिलं आहे. आधी बटण तपासा, ते सोपं आहे.

दिवा कधीच लागत नसेल तर: चिमट्यांच्या वायरीचं एक टोक इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावा, दुसरं कनेक्टरमधल्या काळ्या-पांढऱ्या वायरीला, आणि चावी ऑन करा. दिवा लागला तर डॅशपासून इथपर्यंत सगळं ठीक, दोष असलाच तर स्विचमध्ये किंवा त्याच्या अर्थमध्ये. लागला नाही तर वायर मध्ये तुटली आहे.

टेस्टच्या बटणाचा खरेपणा: कनेक्टर काढलेला असतानाच डॅशवरचं बटण पुन्हा दाबा. दिवा लागला, तर तुमच्या गाडीचं बटण फक्त बल्ब आणि फीड तपासतं, व्हॉल्व्हकडे जाणारी वायर तपासत नाही. म्हणजे रोज बटण दाबून निर्धास्त होणं फसवं आहे, ही वायर तुम्हाला वेगळी तपासावी लागेल. हे एकदा बघून वहीत लिहून ठेवा. माझ्या मते या लेखातली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं हीच.

## टप्पा ६: स्विच

मीटर ओमवर ठेवा आणि बॅटरीची अर्थ काढा. स्विच जागेवर असतानाच त्याच्या प्रत्येक टर्मिनलपासून व्हॉल्व्हच्या धातूपर्यंत मोजा. दट्ट्या मध्यावर असेल तर जोड दिसायला नको. दिसत असेल तर दट्ट्या सरकला आहे किंवा स्विच आतून चिकटला आहे.

मग स्विच फिरवून बाहेर काढा. पाना लागेल तो अगदी हलक्या हाताने. नायलॉनच्या आट्या आहेत, त्या लोखंडासारख्या पिळल्या तर तुटतात. दट्ट्या बाजूला सरकून पिनेला अडकलेला असेल आणि स्विच फिरायला जड जात असेल तर जोर लावू नका. आधी टप्पा ८ करून दट्ट्या मध्यावर आणा.

तपासा: स्विच निघाल्यावर त्याच्या भोकात बघा. ते कोरडंच हवं. तिथे ब्रेक ऑइल दिसलं तर दट्ट्याची सील गेली आहेत आणि ऑइल स्विचमध्ये शिरतंय. अशा वेळी नवीन स्विच घालून उपयोग नाही, व्हॉल्व्ह उघडून सील बदलावी लागतील. लोक इथेच चुकतात. स्विच बदलतात, महिन्याभराने तोही बिघडतो, आणि मग स्विचच निकृष्ट म्हणून दुकानदाराला बोल लावतात.

बाहेर काढलेल्या स्विचची दोन टर्मिनलं एकमेकांशी आणि पिनेशी मोजा, आधी पिन मोकळी ठेवून, मग बोटाने दाबून. काही स्विचांत दोन्ही टर्मिनलं आतून कायमची जोडलेली असतात, तो दोष नव्हे. बघायचं इतकंच की पिन दाबली-सोडली की मीटरचं वाचन बदलतं का. काहीच बदलत नसेल तर स्विच मेला. शिवाय व्हॉल्व्हच्या अंगापासून बॅटरीच्या अर्थच्या वायरीपर्यंतही मोजा, एक ओमच्या आत यायला हवं. व्हॉल्व्हवर रंगाचा जाड थर चढवलेला असेल तर इथे फसगत होते.

## टप्पा ७: वायर

सगळा वेळ इथेच जातो, म्हणून घाई नको.

पहिली चूक: लोक मीटर व्होल्टवर ठेवतात, १२ दिसतात आणि 'वायर चांगली आहे' म्हणतात. डिजिटल मीटर जवळजवळ वीज ओढतच नाही, त्यामुळे एका केसाएवढ्या तारेवर टिकलेला जोडही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. तपासणी वीज वाहत असताना करायची. टप्पा ५ प्रमाणे टोक अर्थ करा, दिवा पेटू द्या, आणि मग प्रत्येक कनेक्टरच्या दोन बाजूंना मीटरची टोकं लावा. चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसेल. जास्त दिसलं तर तोच जोड सडका.

दिवा मंद असेल तर थोडा हिशोब करा. बल्ब साधारण २.२ वॉटचा धरला तर १२ व्होल्टवर तो ०.१८ अँपिअर घेतो, म्हणजे पेटलेला असताना त्याचा रोध ६५ ओमच्या आसपास. वाटेत एक-दोन ओमने डोळ्याला काही फरक दिसणार नाही. मंद दिसण्यासाठी वीस-तीस ओम अडथळा हवा. म्हणजे मंद दिवा हा किरकोळ कीट धरल्याचा नव्हे, तो जोड जवळजवळ तुटल्याचा निरोप आहे.

बुलेट कनेक्टर, म्हणजे वायरींची गोळीच्या आकाराची टोकं रबरी नळीत जुळवणारे जोड, एकेक करून उघडा. आमच्याकडे न्यू जर्सीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याचं पाणी या रबरी नळ्यांत शिरून बसतं. आत हिरवट पांढरी भुकटी दिसली तर बुलेट घासा आणि नळी नवीनच घाला, जुन्या नळीतला धातूचा स्प्रिंग सैल झालेला असतो. वायरीच्या टोकाला तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तार लागेपर्यंत मागे कापा. काळ्या तारेवर डाग धरत नाही.

वायर टेकते कुठे ते शोधताना आधी बल्कहेडमधलं, म्हणजे इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातलं, भोक बघा. तिथलं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेचं कडं) वाळून फुटलेलं असतं आणि पत्र्याची धार वायरींत घुसते. त्यानंतर पेडलच्या आसपासची जागा, मग डॅशमागे स्टिअरिंग कॉलमजवळची. शोधण्याची पद्धत सोपी आहे: वायरीची दोन्ही टोकं मोकळी करा, मीटर बीपवर ठेवून एक टोक वायरीला आणि एक बॉडीला लावा, आणि मदतीला कुणीतरी घेऊन वायरींचा जुडगा वीतभर-वीतभर हलवत जा. बीप जिथे येतो-जातो तिथे सोलवटलेली जागा आहे. काही गाड्यांत या सर्किटमध्ये डायोड असतो. तो दिसला तर मीटरच्या डायोडच्या खुणेवर दोन्ही दिशांनी मोजा: एकीकडून वाहायला हवं, उलट्या बाजूने नाही.

सावधान: वायर मध्येच सडली असेल तर त्याच रंगाची नवीन घाला. घरात लाल होती म्हणून लाल घातलीत, तर तुमच्यानंतर ही गाडी दुरुस्त करणाऱ्याला तुम्ही कोड्यात टाकलंत.

## टप्पा ८: दट्ट्या मध्यावर आणणे

ब्रेकचं काम केल्यावर किंवा ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढल्यावर दट्ट्या बऱ्याचदा एका बाजूला जाऊन बसतो आणि दिवा लागलेलाच राहतो. लोक याला वायरिंगचा दोष समजतात. बॅटरी आणि स्विचचा कनेक्टर जोडा आणि चावी ऑन ठेवा. ज्या बाजूचं काम केलं किंवा शेवटी हवा काढली, तिच्या विरुद्ध बाजूच्या एका चाकाचा निपल (हवा काढायचा स्क्रू) नळी लावून अर्धा फेरा उघडा. मागचं काम केलं असेल तर पुढचा. दुसऱ्या माणसाला पेडल अगदी सावकाश दाबायला सांगा आणि त्याची नजर दिव्यावर राहू द्या. दिवा विझला की पेडल तिथेच धरून ठेवायचं, तुम्ही लगेच निपल बंद करायचा. पेडल धसकन दाबलं तर दट्ट्या मध्य ओलांडून पलीकडे जातो आणि सगळं उलट्या बाजूने पुन्हा करावं लागतं.

पुढच्या वेळी हवा काढण्याआधी दट्ट्या मध्यावर असतानाच स्विच दोन-तीन फेरे वर घ्या, म्हणजे दट्ट्या सरकला तरी पिन तुटत नाही. काम झालं, दट्ट्या मध्यावर आला, की स्विच बोटांनी बसवून पान्याने जेमतेम घट्ट करा.

सावधान: ब्रेक ऑइल रंग खातं. खाली चिंधी अंथरा, आणि सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता.

## टप्पा ९: शेवटची खात्री

चावी ऑन: दिवा बंद. टेस्टचं बटण दाबलं: दिवा चालू. स्विचचा कनेक्टर काढून काळी-पांढरी वायर अर्थ केली: दिवा चालू. कनेक्टर परत बसवला, पेडल जोरात दाबून धरलं: दिवा बंद, पेडल टणक. टाकीत ऑइल खुणेपर्यंत.

मुद्दाम निपल उघडून, दट्ट्या सरकवून दिवा पेटतो का हे बघायचा मोह होतो. फक्त तेवढ्यासाठी मी ते करत नाही, पिन तुटण्याची भीती असते. ऑइल बदलायची वेळ येते तेव्हाच, हवा काढायला सुरुवात करण्याआधी, स्विच जागेवर ठेवून पहिला निपल उघडतो आणि लेकीला पेडल हळू दाबायला सांगतो. 'बाबा, लागला!' असं आतून ऐकू आलं की निपल बंद करतो, दट्ट्या मध्यावर आणतो, स्विच वर घेतो आणि मग हवा काढायच्या कामाला लागतो. त्या दिवशीची तारीख वहीत त्याच पानावर लिहितो, जिथे बटण काय तपासतं ते लिहिलेलं आहे.